उसना घेतलेला रस्ता

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेंत ज्याचें बालपण गेलें, त्याला शर्यत म्हणजे काय हें मुद्दाम शिकवावें लागत नाहीं. तालमींतील लाल मातींत लागलेली पैज असो, गांधी मैदानावरचा सामना असो, अथवा दिवाळीच्या पाडव्याला शिंगें रंगवून आणि गळ्यांत माळा घालून रस्त्यावर आणलेल्या म्हशी असोत. एक जण दुसऱ्याच्या पुढें जाऊं लागला, कीं हातांतलें काम टाकून पाहत उभें राहावें, ही या गांवची जुनी खोड आहे. पाडव्याच्या त्या म्हशी तर आपल्या धन्याच्या मोटारसायकलीचा आवाज ओळखून तिच्या मागें धांवतात. जनावराचा वेग आणि यंत्राचा वेग एकाच रस्त्यावर आणून त्यांतही मौज पाहणारें हें गांव आहे.

असल्या गांवांत वाढलेल्या आम्हां चौघां मित्रांना ऐन विशींत एक दुर्बुद्धि सुचली. एकाच्या घरीं फियाट मोटार होती, दुसऱ्याच्या घरीं अँबॅसडर. दोहोंत अधिक वेगानें धांवते कोणती, यावर अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळ रोज संध्याकाळीं वाद चाले. अखेर एके दिवशीं भल्या पहांटे, वडील मंडळी जागीं होण्यापूर्वीं, आम्हीं दोन्ही गाड्या बाहेर काढल्या आणि रंकाळ्याच्या बाजूनें पैज लावून सोडल्या. मी फियाटमध्यें बसलों होतों. पहिल्या दोन-तीन मिनिटांत जो आनंद झाला, तो मी आजही नाकारणार नाहीं. मग एका वळणावर, सायकलीला दुधाच्या किटल्या लावून समोरून येणारा एक गवळी दिसला. आमच्या गाडीनें त्याला चुकविलें; मागून येणाऱ्या अँबॅसडरनेंही चुकविलें; परंतु त्या गडबडींत तो बिचारा सायकलीसह रस्त्याच्या कडेला आदळला. कोपर फुटलें, किटल्या उपड्या झाल्या आणि दुधाचा पाट वाहूं लागला. आम्हीं धांवत जाऊन त्याला उठविलें आणि खिशांत होते नव्हते तेवढे पैसे त्याच्या हातावर ठेवले. त्यानें ते मोजून घेतले, धोतराच्या सोग्यानें कोपर पुसलें आणि एकच प्रश्न विचारला, "रस्ता काय तुमच्या बापाचा हाय व्हय रं?"

त्यास आतां चाळीसांहून अधिक वर्षें लोटलीं. रस्ता आमच्या बापाचा नाहीं, हें आम्हांला तेव्हांही ठाऊक होतें. परंतु तो बापाचा नाहीं, तर मग कोणाचा? आणि ज्याचा असेल त्याच्याकडून तो शर्यतीसाठीं मागून घेतां येतो काय? हे प्रश्न माझ्या मनांतून कधीं गेले नाहींत. पुढें मोटारींच्या शर्यतींविषयीं जें जें हातीं पडलें, तें तें वाचीत गेलों. आणि या प्रश्नांचें मला सांपडलेलें सर्वांत पूर्ण उत्तर एका दूरच्या, लहानशा शहरानें दिलेलें आहे. त्या शहराचें नांव मकाव, आणि त्याच्या रस्त्यांवरून दरसाल धांवणाऱ्या त्या शर्यतीचें नांव गिया. आज तिचाच इतिहास आपणांस सांगावयाचा आहे.

मकाव हें चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील, हाँगकाँगच्या पश्चिमेस पर्ल नदीच्या मुखाशीं वसलेलें बंदर. पोर्तुगीज लोक तेथें सोळाव्या शतकांत आले. आपणां मराठी माणसांना या शहराविषयीं थोडा जिव्हाळा वाटावा, असें एक कारण आहे. १८४४ सालापर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेखालीं चालत असे; गोव्याहून सुटलेला हुकूम मकावच्या धक्क्यावर पाळावा लागे. पुढें गोवा १९६१ च्या डिसेंबरांत मुक्त झाला, आणि मकाव २० डिसेंबर १९९९ रोजीं चीनच्या स्वाधीन करण्यांत आलें. पणजीच्या फोंतैन्यास वाड्यांत जो हिंडला आहे, त्याला मकावचे चढउताराचे अरुंद रस्ते, पिवळ्या-पांढऱ्या भिंती आणि जुनीं चर्चें अगदींच परकीं वाटणार नाहींत.

समुद्र हटवून मिळविलेली जमीन धरूनही आजच्या मकावचें क्षेत्रफळ सुमारें ३३ चौरस किलोमीटर आहे, आणि तेवढ्यांत साडेसहा लाखांहून अधिक माणसें राहतात. जेथें चालणाऱ्याला पाऊल टाकावयास जागा अपुरी, तेथें सहा किलोमीटर रस्ता काढून तो मोटारींच्या शर्यतीस द्यावयाचा, ही कांहीं सामान्य गोष्ट नव्हे.

या गोष्टीचा आरंभ मात्र अगदीं घरगुती आहे. १९५४ सालीं मकावमधील कांहीं मोटारशोकी मंडळींच्या मनांत आलें, कीं शहरांत खजिना शोधण्याचा खेळ खेळावा. मोटारींत बसून खुणा हुडकीत हिंडावें आणि संध्याकाळीं बक्षीस वाटावें. त्यांनीं आंखलेला मार्ग हाँगकाँगच्या जाणत्या मोटारवाल्यांना दाखविला, तेव्हां त्यांनीं उलट सुचविलें, कीं अहो, हा मार्ग खऱ्याखुऱ्या शर्यतीच्या तोलाचा आहे! मग खजिना मागें पडला आणि शर्यत पुढें आली. त्या सालच्या ३० व ३१ ऑक्टोबरला पहिला समारंभ झाला. मुख्य शर्यत चार तासांची होती. १५ गाड्या सुटल्या, आणि एदुआर्दो द कार्व्हाल्यो या गृहस्थानें आपल्या ट्रायम्फ टीआर टू मोटारीनें ती जिंकली. भाग घेणारे बहुतेक हौशी लोक होते. सोमवारीं ज्या गाडींतून कामावर जावयाचें, तीच गाडी रविवारीं शर्यतींत, असा तो काळ होता.

येथें थोडें थांबून एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. मोटारींच्या शर्यती जन्मल्या त्याच मुळीं सार्वजनिक रस्त्यांवर. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं युरोपांत एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत मोटारी सोडीत. १९०३ सालीं पॅरिसहून माद्रिदला अशी एक शर्यत निघाली. रस्त्याच्या दोहों कडांना लाखोंची गर्दी. धुळीमुळें चालकाला वळण दिसेना आणि वेगामुळें लोकांना मोटारीचें अंतर उमगेना. चालक मेले, पाहणारे मेले, मार्सेल रेनॉसारखा नामांकित पुरुष बळी पडला. आणि फ्रेंच सरकारनें ती शर्यत बोर्दो येथेंच बंद पाडली. इतकें होऊनही इटलींतील हजार मैलांची 'मिले मिलिया' ही शर्यत उघड्या रस्त्यांवरून १९५७ पर्यंत चालूं होती. त्या वर्षीं ग्विदिझोलो गांवाजवळ एक मोटार उधळली. तिच्यांतील दोघे तर गेलेच, परंतु रस्त्याकडेला उभीं असलेलीं नऊ माणसें गेलीं, आणि त्यांत पांच मुलें होतीं. तेव्हांपासून ती शर्यत त्या रूपांत पुन्हां झाली नाहीं. जगांतील बहुतेक शर्यती यानंतरच्या काळांत कुंपण घातलेल्या स्वतंत्र मैदानांत गेल्या.

मकावनें निराळा मार्ग धरला. त्यानें शर्यत शहराबाहेर नेली नाहीं. शहरांतच तिला भिंती घातल्या. एका गांवाहून दुसऱ्या गांवाला जाणारा मोकळा रस्ता राखतां येत नाहीं, परंतु सहा किलोमीटरांचें एक कडें राखतां येतें. त्याच्या दोहों अंगांना पोलादी पट्ट्या ठोकतां येतात, जाळ्या उभारतां येतात, प्रत्येक वळणावर झेंडेवाला उभा करतां येतो. रस्ता उसना घ्यावयाचा, तर तो मोजून घ्यावा आणि मोजून परत करावा, हा त्यांतला विचार.

आतां गिया शर्यतीकडे वळूं. मकावच्या मुख्य समारंभांत पुढें मोटारसायकलींची शर्यत आली, ती १९६७ सालीं. आणि १९७२ सालीं 'टूरिंग मोटारींची' स्वतंत्र शर्यत सुरूं झाली, तीच ही गिया. जुन्या पिढींतील श्रोत्यांना टूरिंग मोटार म्हटलें, कीं कापडी टपाची, प्रवासाची उघडी गाडी आठवेल. परंतु शर्यतीच्या परिभाषेंत त्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. दुकानांत विकावयास ठेवलेली, छपराची, चार माणसें बसतील अशी जी घरगुती मोटार, तिलाच शर्यतीसाठीं सिद्ध करून धांवविली म्हणजे ती टूरिंग मोटार. गिया हें नांव शहरांतील टेकडीवरून आलें. त्या टेकडीवर १८६५ सालीं बांधलेलें दीपगृह आहे. चीनच्या किनाऱ्यावरील पाश्चात्य पद्धतीचें तें पहिलें दीपगृह मानतात. पोर्तुगीज भाषेंत 'गिया' म्हणजे वाट दाखविणारी. ज्या टेकडीवरून जहाजांना वाट दाखविली जाई, तिच्याच पायथ्याशीं मोटारी आपली वाट शोधीत धांवूं लागल्या.

या शर्यतीचें आकर्षण कशांत आहे, हें नीट समजून घेतलें पाहिजे. एकट्या माणसानें बसावयाची, उघड्या चाकांची, विमानासारखी दिसणारी मोटार आपण पाहतों तेव्हां आपणांस आश्चर्य वाटतें. परंतु ती आपली वाटत नाहीं. टूरिंग मोटारीचें तसें नाहीं. ती आपल्या दारांत उभ्या असलेल्या गाडीची सख्खी बहीण दिसते. कारखानदारांनाही हें पुरतें ठाऊक होतें. १९८० नंतरच्या दशकांत 'गट अ' म्हणून जे नियम जगभर चालत, त्यांत अशी अट होती, कीं ज्या गाडीला शर्यतींत उतरावयाचें, तशा ५,००० गाड्या कारखान्यानें वर्षभरांत बांधल्या पाहिजेत. म्हणजे शर्यत जिंकण्यासाठीं गाडी बाजारांत आणावी लागे! बीएमडब्ल्यूची एम थ्री ही प्रसिद्ध गाडी या अटीच्याच पोटीं जन्मास आली. त्या काळांत गियाची कीर्ति युरोपांत पोंचली. १९८४ सालीं टॉम वॉकिन्शॉ यानें जॅग्वारची बारा सिलिंडरांची भारदस्त एक्सजेएस मोटार त्या अरुंद रस्त्यांतून विजयी केली. १९९० सालीं जपानच्या मासाहिरो हासेमीनें निस्सानच्या स्कायलाइन गाडीनें बाजी मारली.

पुढें २००५ सालीं टूरिंग मोटारींची जागतिक स्पर्धा पुन्हां सुरूं झाली आणि तिची अखेरची फेरी गियाच्या मार्गावर ठेवण्यांत आली. २०१४ पर्यंत हा क्रम चालला. वर्षभर जगभर फिरून शेवटचा निकाल या लहानशा शहराच्या रस्त्यांवर लागे. ब्रिटनचा अँडी प्रियो हा २००५, २००६ आणि २००७ या तिन्ही वर्षीं येथेंच जगज्जेता ठरला. २०१२ सालीं रॉब हफ यानेंही जागतिक विजेतेपद येथेंच मिळविलें. मकावच्या रस्त्यावर टूरिंग मोटारींत सर्वाधिक यश मिळविणारा पुरुष म्हणून त्याचें नांव घेतात. २०१५ सालीं टीसीआर नांवाचे नवे, काटकसरीचे नियम आले. दोन लिटरांचें यंत्र, सुमारें ३५० अश्वशक्ति आणि पुढच्या चाकांना ओढ, अशा त्या गाड्या. बांधावयास तुलनेनें स्वस्त. कांहीं वर्षांच्या अंतरानें जागतिक मालिका पुन्हां मकावला येऊं लागल्या. २०२० सालीं महामारीमुळें परदेशी चालक येऊं शकेनात, तेव्हां बहुतांशीं स्थानिक आणि आसपासच्या चालकांवर समारंभ पार पडला, परंतु खंड पडूं दिला नाहीं. १९९९ सालीं राज्य बदललें, तरीही पुढच्या नोव्हेंबरांत मोटारी सुटल्याच. २०२३ सालीं सत्तरावा समारंभ झाला आणि त्यासाठीं एकाऐवजीं दोन आठवड्यांचे शेवट राखून ठेवले होते.

आतां कल्पनेनें माझ्यासह या मार्गावरून एक फेरी मारा. लांबी ६.१२ किलोमीटर, दिशा घड्याळाच्या कांट्याची. निघाल्याबरोबर समुद्राकडचा सपाट, लांब रस्ता लागतो. तेथें गाडी पुरा वेग घेते. त्या रस्त्याच्या अखेरीस लिस्बोआ हॉटेलापाशीं काटकोनांतलें उजवें वळण. ताशीं दोनशें किलोमीटरांहून अधिक वेगानें आलेली गाडी येथें कांहीं पावलांत लगाम घालून वळवावी लागते. साऱ्या शर्यतींत पुढें जाण्याची खरी संधि येथेंच, आणि म्हणून सर्वांत अधिक गाड्या मोडतात त्याही येथेंच. मग सॅन फ्रॅन्सिस्कोचा चढ. त्यावर मॅटर्निटी नांवाचें वळण. म्हणजे प्रसूतिगृहाच्या नांवानें ओळखलें जाणारें! पुढें टेकडीच्या अंगानें आंधळीं वळणें. समोर काय आहे तें दिसत नाहीं, आणि दोहों बाजूंस भिंत हाताच्या अंतरावर. मग उतार, आणि त्याच्या टोंकाला मेल्कोचें वळण. तेथील जुन्या वीज कंपनीच्या नांवावरून हें नांव पडलें. या ठिकाणीं रस्ता अवघा सात मीटर रुंद आहे, आणि गाडी जवळजवळ पाठमोरी फिरवावी लागते. दोन गाड्या शेजारीं शेजारीं तेथून जाऊं शकत नाहींत. म्हणून तेथें पिवळा झेंडा सदैव हलत असतो, आणि कितीही मोठा विजेता असला तरी त्यानें तेथें आपली पाळी धरून मुकाट्यानें जावयाचें. नंतर पाण्याच्या साठ्याच्या कडेनें पुन्हां आरंभस्थानीं. ही सारी फेरी टूरिंग मोटारीला सुमारें अडीच मिनिटांत पुरी होते. म्हणजे चढ-उतार, वळणें धरूनही सरासरी वेग ताशीं १४५ किलोमीटरांच्या आसपास.

मेल्कोच्या त्या वळणाचें मला फार महत्त्व वाटतें. शर्यत म्हणजे सर्व बंधनें तोडून धांवणें, असा आपला समज असतो. परंतु जगांतील एका अत्यंत कठीण शर्यतीच्या ऐन मध्यभागीं, पुढें जाऊं नका, रांगेनें चला, असा दंडक आहे. आणि तो सारे पाळतात. तो नसता, तर ही शर्यत इतकीं वर्षें टिकली नसती.

शहर हा रस्ता देतें कसें, तेंही ऐकण्यासारखें आहे. शर्यत नोव्हेंबरांत, ठरलेल्या दिवसांत. त्यापूर्वीं कित्येक आठवडे पोलादी पट्ट्या आणि जाळ्या उभारण्याचें काम चालतें. शर्यतीच्या दिवसांत सकाळीं रस्ता बंद होतो आणि सायंकाळीं, मोटारी विसावल्या म्हणजे, त्याच रस्त्यावरून बसगाड्या आणि कामावरून परतणारे लोक जाऊं लागतात. दुपारीं जेथें यंत्रें किंचाळत होतीं, तेथें रात्रीं एखादी आजीबाई भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडते. रस्ता दिवसा उसना घ्यावयाचा आणि रोज तिन्हीसांजेस परत करावयाचा, इतका हा व्यवहार चोख आहे.

परंतु श्रोते हो, एवढा चोख व्यवहार असूनही भिंत ती भिंतच. मैदानांतील शर्यतींत चुकणाऱ्याला सांवरावयास मोकळी जागा असते. शहराच्या रस्त्याला ती नसते. फिलिपाईन्सचा डॉजी लॉरेल यानें १९६२ आणि १९६३ अशीं लागोपाठ दोन वर्षें मकावची मुख्य शर्यत जिंकली. त्याच रस्त्यावर १९६७ सालीं त्याची गाडी आदळून पेटली आणि त्याचा अंत झाला. २०१२ सालच्या एकाच आठवड्यांत मोटारसायकलवाला लुईस कारेरा, आणि टूरिंग मोटारींच्याच दुसऱ्या एका शर्यतीसाठीं आलेला हाँगकाँगचा फिलिप याउ, असे दोघे प्राणास मुकले. २०१८ सालीं सोफिया फ्लोर्श या सतरा वर्षांच्या जर्मन मुलीची लहान शर्यती मोटार लिस्बोआच्या वळणावर हवेंत उडाली आणि जाळी फोडून छायाचित्रकारांच्या मचाणावर आदळली. तिच्या मणक्याचें हाड मोडलें, इतरांनाही इजा झाली. ती वांचली, आणि पुढच्याच वर्षीं तेथें पुन्हां शर्यतीस उतरली. तिच्या धैर्याचें कौतुक करावें तितकें थोडेंच. परंतु त्याच वेळीं हेंही विसरूं नये, कीं मचाणावर उभ्या असलेल्या माणसांनीं त्या दिवशीं पैज लावलेली नव्हती. उसन्या घेतलेल्या रस्त्याचें व्याज कधींकधीं असें रक्तानें फेडावें लागतें, आणि तें फेडणारा प्रत्येक वेळीं शर्यतवालाच असतो असें नाहीं.

आपल्या देशानेंही हा प्रयोग अलीकडे करून पाहिला आहे. ११ फेब्रुवारी २०२३ रोजीं हैदराबादेंत हुसेनसागराच्या कांठीं विजेवर चालणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. फ्रान्सचा ज्याँ-एरिक व्हेर्न ती जिंकला. मार्ग २.८ किलोमीटरांचा. पण त्या दिवसांत शहरांतील रहदारीची मोठी कोंडी झाली. शर्यतीसाठीं राखून ठेवलेल्या मार्गावर नेहमींचीं वाहनें शिरलीं, आणि तीं बाहेर काढीपर्यंत मोटारींना थांबावें लागलें. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्यांतलें सरकार बदललें आणि पुढल्या वर्षींची शर्यत रद्द झाली. २०२४ च्या ३१ ऑगस्टला व १ सप्टेंबरला चेन्नईंत सुमारें साडेतीन किलोमीटरांच्या रस्त्यावर दिव्यांच्या प्रकाशांत शर्यत झाली. ती आधीं डिसेंबर २०२३ मध्यें व्हावयाची होती; परंतु चक्रीवादळानें शहर पाण्याखालीं गेलें आणि ती पुढें ढकलावी लागली. तीविरुद्ध लोक मद्रास उच्च न्यायालयांतही गेले, आणि न्यायालयानें अटी घालून परवानगी दिली. या दोन्ही शर्यती घरगुती मोटारींच्या नव्हत्या, तरी प्रश्न तोच होता. हैदराबादेच्या त्या बंद मार्गावर गाडी घालणाऱ्या माणसानें शब्दानें कांहीं विचारलें नसेल. परंतु त्याच्या कृतींतून मला रंकाळ्याजवळच्या गवळ्याचा आवाज ऐकूं येतो.

मकावला जें सत्तर वर्षांत साधलें, तें आपणांस दोन वर्षांत साधलें नाहीं, म्हणून खिन्न होण्याचें कारण नाहीं. उसनवारीला पत लागते, आणि पत हळूहळू वाढते. आपल्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतीचेंच पाहा. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांवर बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरांत नियम पाळण्याच्या अटीवर परवानगी मिळाली. आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा मान्य केला. आज रीतसर शर्यत भरवावयाची, तर आधीं अर्ज, मग परवानगी, मग जनावराची तपासणी. पुष्कळांना ही कटकट वाटते. मला वाटतें, शर्यत जगली ती या कटकटीमुळेंच.

मोटारींच्या बाबतींत कायदा अधिक स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वयें, राज्य सरकारच्या लेखी संमतीवांचून सार्वजनिक जागीं मोटारींची शर्यत लावणें वा वेगाची परीक्षा घेणें हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळीं तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हां केल्यास वर्षभरापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. या कलमांतील 'लेखी संमति' हे दोन शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतात. वेगाला कायद्यानें पाप म्हटलेलें नाहीं. विचारल्यावांचून घेतलेल्या रस्त्याला त्यानें गुन्हा म्हटलें आहे.

आमच्या कोल्हापूरच्या तरुणांना वेगाची आवड आहे, आणि ती असावी. येथील मुलें कार्टिंगच्या मार्गावर शिकून देशाच्या शर्यतींत उतरलीं आहेत; कृष्णराज महाडिक यांच्यासारखा कोल्हापूरचा तरुण ब्रिटनमधील फॉर्म्युला तीनच्या मालिकेंत धांवून आला आहे. ज्याला खरोखर धांवावयाचें आहे त्याला राखीव मैदान आहे, शिकविणारा आहे, अंगावर पट्टे आणि डोक्यावर शिरस्त्राण आहे, आणि गाडींत लोखंडी पिंजरा आहे. टूरिंग मोटारीचा सर्वांत मोठा धोका हाच, कीं ती बाहेरून आपल्या गाडीसारखी दिसते. दूरचित्रवाणीवर ती पाहून उठलेल्या तरुणाला वाटतें, हें तर आपणही करूं शकूं. त्या पत्र्याच्या आंत पोलादाचा सांगाडा आहे, आग विझविण्याची यंत्रणा आहे, वळणावळणावर माणसें उभीं आहेत, आणि मुख्य म्हणजे समोरून कोणी सायकलवर येणार नाहीं अशी साऱ्या शहरानें हमी दिलेली आहे, हें त्याला दिसत नाहीं. अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळच्या आम्हां चौघांना तरी कुठें दिसलें होतें?

रात्रीं उशिरां कधीं पेठेंत माझी झोप मोडते. मोटारसायकलीचा कर्कश आवाज करीत दोघे-तिघे शर्यत लावून रंकाळ्याकडे निघालेले असतात. मी खिडकीशीं जातों. मला त्यांचा राग येत नाहीं, कारण त्यांच्यांत मला मीच दिसतों. मात्र आवाज दूर गेल्यावर मी कान देऊन ऐकत राहतों, कीं तो आवाज नीट विरला ना, मध्येंच तुटला तर नाहीं ना. तसा तो नीट विरला, म्हणजे मग मी परत येऊन पडतों.

मकावच्या रस्त्यावर मोटारींना वाट दाखविणारें दीपगृह टेकडीवर आहे. आमच्या रंकाळ्याच्या रस्त्यावर तसें कांहीं नाहीं. तेथें पहांटेच्या अंधारांत एक माणूस दुधाच्या किटल्या घेऊन सायकलवरून येत असतो. रस्ता त्याचा आहे. त्याला विचारून घ्या, आणि संध्याकाळीं परत करा.